पबमेडवर शोधायला मुलांना नीट कसं शिकवायचं? एका ओरिएंटेशनने काहीच होत नाहीये

ग्रंथपाल_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका हेल्थ सायन्स कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, अकरा वर्षं झाली. मेडिकल, नर्सिंग, फिजिओ तिन्ही एकाच कॅम्पसमध्ये आणि लायब्ररी सगळ्यांची मिळून एकच. दर वर्षी नवीन बॅच आली की मला ऑडिटोरियममध्ये दोन तास मिळतात, समोर दीडशे मुलं, मी स्क्रीनवर पबमेड (वैद्यकीय पेपर शोधायची फुकट साइट) उघडते आणि दाखवते की इथे टाइप करायचं, हे फिल्टर, हे मेश (पेपरना लावलेली ठरावीक विषय-हेडिंग), हे असं सेव्ह करायचं. मुलं शांत ऐकतात, फीडबॅक फॉर्मवर छान लिहून देतात. आणि सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसचा आराखडा द्यायच्या दिवसांत तीच मुलं येतात तेव्हा कळतं की त्यातलं काहीही उरलेलं नाहीये.

परवाचंच सांगते. रात्रीचे आठ, लायब्ररी बंद करायची वेळ, एक फर्स्ट इयरची रेसिडेंट धावत आली, आदल्या रात्रीची ड्यूटी करून झोपलेलीही नव्हती बहुतेक. म्हणाली, मॅडम माझ्या टॉपिकवर काहीच लिटरेचर नाहीये, शून्य रिझल्ट येतात, मी सरांना सांगून टाकलं की हा भारतातला पहिलाच स्टडी होईल. विषय काय, तर गरोदर बायका लोहाच्या गोळ्या मध्येच का सोडतात. मी म्हटलं अगं असं कसं होईल, बस जरा. बघते तर तिने थीसिसचं अख्खं टायटल जसंच्या तसं पेस्ट केलेलं, 'टर्शरी केअर हॉस्पिटल' आणि 'वेस्टर्न महाराष्ट्र' सकट. पबमेड सगळे शब्द आपणहून अँडने जोडतं, म्हणजे ते सगळे एकाच नोंदीत सापडले पाहिजेत, मग शून्यच येणार ना. आम्ही दोघींनी मिळून तीन कप्पे केले, गरोदरपण, लोहाच्या गोळ्या आणि औषध नियमित घेणं. प्रत्येक कप्प्यात त्याच अर्थाचे बाकीचे शब्द ऑरने लावले, कम्प्लायन्स, अ‍ॅडहिअरन्स वगैरे, आणि मग तिन्ही कप्पे अँडने जोडले. इतके पेपर आले की ती गप्पच झाली. भारतातले तर होतेच, महाराष्ट्रातलेसुद्धा निघाले.

तिला वाईट वाटलं आणि मला त्याहून जास्त, कारण ही मुलगी माझ्या सेशनला पहिल्या रांगेत बसलेली होती, मला चेहरा आठवतोय.

तर माझा प्रश्न असा की तुमच्यापैकी जे शिकवतात किंवा जे शिकले त्यांना नक्की कशाने आलं हे? कुठली बटणं कुठे आहेत ते मी दाखवू शकते पण त्याने काही होत नाही हे मला आता पटलंय. प्राचार्यांकडे जाऊन काय मागू? अजून तास मागू का? आणि दुसरं म्हणजे वॉर्डातल्या सिस्टर्स, त्यांना ड्यूटी सोडून लायब्ररीत येताच येत नाही, त्यांच्यासाठी कुणी काही केलंय का? प्लीज अनुभवाचं सांगा, लिंका नकोत, लिंका माझ्याकडे भरपूर आहेत.

पीएसएम_सर

मॅडम, मी कम्युनिटी मेडिसिन शिकवतो, पुण्यातच. बटणांबद्दल तुम्ही जे म्हणताय ते शंभर टक्के खरं आहे आणि मला ते कळलं २०२५ च्या जानेवारीत.

आठवत असेल, सिंहगड रोडला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरेचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे पेशंट अचानक वाढले. पाण्यावर संशय होता, विहिरीचं नाव पुढे आलं, एनआयव्हीने (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासलेल्या काही पेशंटच्या स्टूल सॅम्पलमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला, काहींत नोरोव्हायरस. तेव्हा माझ्याकडे आठ इंटर्न पोस्टिंगला होते, त्यातले दोघं त्याच भागात राहणारे, घरचे पाणी उकळून पीत होते. मी त्यांना लेक्चर दिलंच नाही, एवढंच विचारलं की पाण्यातून असा उद्रेक जगात आधी कुठे झालाय का, संध्याकाळपर्यंत शोधून सांगा.

त्यांनी सगळ्यांनी मोबाइलवर टाइप केलं 'जीबीएस', गुलेन बॅरे सिंड्रोमचं लघुरूप. आणि आलं काय, तर नवजात बाळांना होणारं ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसचं इन्फेक्शन, कारण त्याचंही लघुरूप जीबीएसच, आणि मध्येच ग्लासगो ब्लॅचफर्ड स्कोअर जो पोटातल्या रक्तस्रावासाठी वापरतात. एक मुलगी म्हणाली सर हे सगळं चुकीचं येतंय. मी म्हटलं मशीनचं काही चुकलेलं नाही, तू जी तीन अक्षरं दिलीस ती जिथे जिथे आहेत ते त्याने आणून दिलं. हे तिला माझ्या कुठल्याही स्लाइडने कळलं नसतं. मग पूर्ण नाव टाकलं आणि मी त्यांना अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन हिस्टरीखालचं सर्च डिटेल्स उघडायला लावलं. माझ्या मते अख्ख्या पबमेडमध्ये शिकवण्यासारखी जागा एकच असेल तर ती ही. तुम्ही टाइप केलेल्या शब्दांचं मशीनने काय केलं ते तिथे उघडं दिसतं. त्यात त्यांना दिसलं की पबमेडने स्वतःहून मेशमधलं गुलेन बॅरे सिंड्रोम हे हेडिंग जोडलंय. आणि मेशचं हेडिंग घेतलं की त्याच्या खालच्या फांद्याही येतात, म्हणजे मिलर फिशर सिंड्रोमचे पेपरसुद्धा, जे नाव कुणी टाइपच केलेलं नव्हतं. मेश म्हणजे काय यावर मी कितीतरी वर्षं पंधरा मिनिटं बोलायचो आणि कुणाला कळायचं नाही, इथे दोन मिनिटांत कळलं. फक्त एक सांगून ठेवतो, डबल कोट लावले किंवा शब्दाच्या शेवटी तारा (*) दिला की ही आपोआप मॅपिंगची सोय बंद होते. आपल्या मुलांना ब्रिटिश स्पेलिंगची सवय, अनिमियाच्या स्पेलिंगमध्ये जास्तीचा ए लावून कोटमध्ये टाकतात आणि अमेरिकन स्पेलिंगचे सगळे पेपर घालवतात. तुमच्या त्या रेसिडेंटला हेही दाखवा.

आता खरी गोष्ट पुढे आहे. आठपैकी पाच जणांनी सवयीने 'गेली पाच वर्षं' हा फिल्टर लावलेला होता. का, तर सीनियर सांगतात की रेफरन्स ताजे पाहिजेत. त्यांना पेरूमधला २०१९ चा उद्रेक सापडला, छान. पण उत्तर चीनमध्ये खेड्यांतल्या मुलांना दर उन्हाळ्यात होणारे लकवे आणि त्यांचा कॅम्पिलोबॅक्टरशी लागलेला संबंध हे नव्वदच्या दशकातलं काम आहे, ते गेलं. कॅम्पिलोबॅक्टरनंतर गुलेन बॅरे झाल्याची केस बीएमजेमध्ये १९८२ ला आलेली, ती गेली. उपचारांचं बघायचं तर प्लाझ्मा एक्स्चेंजची मोठी अमेरिकन ट्रायल १९८५ ची आणि इम्युनोग्लोब्युलिनची डच ट्रायल १९९२ ची, म्हणजे ससूनपासून सगळीकडे त्या पेशंटना जे दिलं जात होतं त्याचा पायाच त्या फिल्टरने कापून टाकला. हे मी फळ्यावर साल लिहून दाखवलं तेव्हा वर्गात जे शांत झालं ना ते मला अजून आठवतं.

जुनं न शोधण्याची किंमत किती असू शकते यासाठी मी एक घटना नेहमी सांगतो. २००१ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावरच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम श्वासातून दिलं गेलं आणि ती गेली. संशोधकांनी शोध घेतला होता, पण तेव्हा पबमेडमध्ये १९६६ च्या मागचं दिसत नव्हतं आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे पेपर पन्नासच्या दशकातले होते. मुलांना सांगतो की सर्च हे थीसिसचं क्लेरिकल काम नाही, तिथे माणूस जाऊ शकतो.

अजून तास मागू का म्हणालात. तास मागू नका, वेळ बदलून मागा. पहिल्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये मुलांकडे प्रश्नच नसतो, प्रश्न नसताना शोध कसा शिकवणार? सिनॉप्सिसच्या आधीचे सहा आठवडे मागा आणि वीस वीसच्या बॅचेस, प्रत्येकाने स्वतःचा टॉपिक घेऊन यायचं.

नाइट_ड्यूटी

सर तुम्ही वर लिहिलंय ते पाच वर्षांचं, आम्हाला तर लेखी सांगितलं जातं की ऐंशी टक्के रेफरन्स पाच वर्षांतले हवेत, मग आम्ही काय करणार. असो.

मी मेडिसिनला सेकंड इयर आहे. आमच्या बाजूने सांगतो मॅडम, राग मानू नका. ओरिएंटेशनला आम्ही झोपेत असतो, खरंच झोपेत, हॉस्टेल मिळालेलं नसतं, डबा लावलेला नसतो, त्या दिवशी कुणी काहीही शिकवलं तरी जाणार नाही. बीसीबीआरचा, म्हणजे संशोधन कसं करायचं याचा ऑनलाइन कोर्स सगळे पीजी करतातच, कंपल्सरी आहे, त्यातही लिटरेचर रिव्ह्यूचा भाग आहे, पण तो परीक्षेपुरता होतो.

मला सर्च आलं ते आमच्या एका सीनियरमुळे. रात्री अडीचला कॅज्युअल्टी रिकामी होती, तिने माझा लॅपटॉप घेतला आणि विचारलं तुझा पेशंट कोण, त्याला काय देणार, कशाशी तुलना, आणि बरं झालं म्हणजे काय झालं असं मोजणार. मला चौथ्याचं उत्तर येईना. ती म्हणाली मग तू शोधतोयस काय? नंतर कळलं की यालाच पिको म्हणतात, १९९५ पासून शिकवतात, मी एमबीबीएसला पाठही केलेलं होतं पण कुणी माझ्या स्वतःच्या पेशंटवर लावायला लावलं नव्हतं.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही पण सगळे करतात. चॅटबॉट. मी पण केलंय, त्याला दहा रेफरन्स मागितले, लेखकांची नावं ओळखीची, जर्नल खरं, साल, पानं सगळं व्यवस्थित, आणि त्यातले तीन पेपर कधी लिहिलेच गेलेले नाहीत. मी ते गाइडना पाठवून मोकळा झालो होतो. त्यांनी ओरडलं नाही, फक्त म्हणाले या तीनचे पीएमआयडी, म्हणजे पबमेडमधले नंबर, आणून दे. दोन दिवस शोधत होतो. तेव्हापासून पीएमआयडी उघडून अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचल्याशिवाय एकही रेफरन्स लावत नाही. तेव्हा मॅडम, चॅटबॉट वापरू नका असं सांगून उपयोग नाही, मुलं वापरणारच, त्यांना पडताळायला शिकवा. तो सर्च स्ट्रिंगसुद्धा (शोधात टाकायची शब्दांची ओळ) देतो आणि त्यात नसलेली मेश हेडिंग टाकतो, म्हणजे मेशच्या साइटवर जाऊन प्रत्येक हेडिंग आहे का बघणं हा एक चांगला होमवर्क होईल.

फिजिओ_कोथरूड

मी फिजिओथेरपीला शिकवते. थोडक्यात दोन मुद्दे.

पहिला, आमच्या मुलांना सुरुवात पबमेडवर करायला लावू नका, पेड्रोवर करा. सिडनीहून चालतं, १९९९ पासून आहे, फुकट आहे आणि फक्त फिजिओथेरपीच्या ट्रायल, रिव्ह्यू आणि गाइडलाइन. प्रत्येक ट्रायलला दहापैकी मार्क दिलेले असतात, त्यामुळे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं की छापून आलं म्हणजे चांगलंच असं नाही. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर व्यायाम हा विषय द्या, दोन ट्रायल शेजारी ठेवा, एक आठ मार्कांची एक तीनची, आणि विचारा पाच मार्क कुठे गेले. रँडमायझेशन, ब्लाइंडिंग हे शब्द इथे जिवंत होतात.

दुसरा, मार्क. आम्ही दोन वर्षांपासून इंटर्नल असेसमेंटमध्ये प्रोजेक्टच्या रिपोर्टला मार्क कमी केले आणि सर्चच्या डायरीला दिले. डायरी म्हणजे काय, तारीख, कुठे शोधलं, स्ट्रिंग जशीच्या तशी, किती आले, आणि पुढची स्ट्रिंग का बदलली. 'का बदलली' या कॉलमलाच खरे मार्क. पहिल्या वर्षी मुलांनी शेवटच्या रात्री बसून डायरी बनवली, ते लगेच कळतं कारण सगळ्या तारखा वेगळ्या पण रिझल्टचे आकडे एकाच दिवसाचे. आता आठवड्याला बघते.

गूगल स्कॉलरबद्दल पण बोला मुलांशी. वाईट नाहीये ते, पूर्ण मजकुरात शोधतं त्यामुळे कधी कधी पबमेडला न सापडलेलं सापडतं. पण एका शोधाचे पहिले हजारच रिझल्ट दाखवतं आणि तोच शोध दुसऱ्याने केला तर तेच येईल याची खात्री नाही, म्हणून सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही.

वैद्य_शनिवार_पेठ

चर्चा वाचून राहवलं नाही. आयुर्वेदाच्या पीजींना मी मार्गदर्शन करतो आणि आमची अडचण तुमच्या सगळ्यांपेक्षा एक पायरी आधी सुरू होते. आमचा विद्यार्थी आमवातावर काम करतो. पबमेडला आमवात टाकलं की मोजके पेपर येतात. मग तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस टाकतो, समुद्र येतो, आणि त्यातून त्याचा समज होतो की आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड. तसं सरळ नाही हो ते. आमवाताची लक्षणं ज्याच्यात दिसतात त्या प्रत्येकाला ऱ्हुमॅटॉइडच असेल असं नाही आणि उलटही नाही. प्रमेह आणि डायबेटिस, वातरक्त आणि गाउट, सगळीकडे हेच. म्हणजे शब्द निवडतानाच विद्यार्थ्याने एक वैद्यकीय निर्णय घेतलेला असतो आणि तो निर्णय त्याने लिहून ठेवला पाहिजे, मी का हे दोन शब्द ऑरने जोडले.

वनस्पतींचं तर विचारू नका. अश्वगंधा एक, पण रोमन लिपीत तिची तीन चार स्पेलिंग चालतात, वर लॅटिन नाव विथेनिया सोम्निफेरा, वर इंग्रजीत इंडियन जिनसेंग आणि विंटर चेरी. मेशमध्ये हेडिंग आहे ते फक्त विथेनिया. हळदीला कर्क्युमा वेगळं आणि कर्क्युमिन वेगळं, म्हणजे वनस्पती वेगळी आणि त्यातलं द्रव्य वेगळं, आणि विद्यार्थी कर्क्युमिनच्या कॅप्सूलची ट्रायल हळदीच्या चूर्णाच्या नावावर खपवतो. याच्यासाठी मी एक वही ठेवलीय, डाव्या पानावर संस्कृत नाव, उजव्या पानावर जितकी नावं सापडली तितकी, दर वर्षीचे विद्यार्थी त्यात भर घालतात. आता साठेक वनस्पती झाल्यात. आयुष रिसर्च पोर्टल आणि कोइमतूरवाल्यांचं धारा हेही बघायला लावतो, कारण आपल्याकडची बरीच जर्नल मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या मेश लावलेल्या मुख्य भागात, नाहीत.

पीएसएम_सर

वैद्यांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो फक्त आयुर्वेदाचा नाही. पबमेडमधल्या सगळ्या नोंदींना मेश मिळतंच असं नाही, मेडलाइनमध्ये नसलेल्या जर्नलना मिळत नाही. म्हणून एकट्या मेशवर शोधलं की आपल्याच देशातले कितीतरी पेपर दिसत नाहीत. आणि 'ह्यूमन्स'चा किंवा वयाचा फिल्टर लावला की तेच होतं, फिल्टर मेशवर चालतो, ज्याला मेश नाही तो गळतो. म्हणून मेश आणि टायटल अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधले शब्द दोन्ही, ऑरने जोडून, कंसात. कंस विसरू नका, पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, कंस नसला तर ऑर आणि अँडची खिचडी होते. नॉट तर मी शिकवतच नाही पहिल्या वर्षी. मुलं 'लहान मुलं नकोत' म्हणून नॉट चाइल्ड करतात आणि ज्या अभ्यासात मोठे आणि लहान दोन्ही होते तेही फेकून देतात.

आणि मॅडम एक राहिलं, माझ्या हातात आलेली सगळ्यात चांगली युक्ती. मुलाला म्हणायचं की तुझ्या विषयावरचे नक्की माहीत असलेले तीन पेपर आण, गाइडकडून आण, टेक्स्टबुकातून आण. आता तुझी स्ट्रिंग चालव. ते तीन आले का? नाही आले तर त्या पेपरची नोंद उघड, त्याला मेश काय लावलंय बघ, अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये कुठला शब्द वापरलाय बघ, आणि तुझ्या स्ट्रिंगमध्ये काय नव्हतं ते शोध. मुलं स्वतः चूक पकडतात. आपण शेजारी फक्त उभं राहायचं, अवघड असतं ते, हात शिवशिवतात माउस घ्यायला, पण घ्यायचा नाही.

ग्रंथपाल_पुणे

हे सगळं मी प्रिंट काढून टेबलावर लावलंय. सर, माउसचं अगदी बरोबर, त्या रात्री त्या मुलीच्या हातातून माउस मीच घेतला होता, आता लक्षात येतंय.

फुल टेक्स्टचा प्रश्न येतोच पुढे. २०२५ च्या १ जानेवारीपासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं, ३० प्रकाशकांची साधारण १३,००० जर्नल, पण ती सरकारी संस्थांना, आमच्यासारख्या खाजगी कॉलेजला नाही. मुलं मग जे उघडतं तेवढंच वाचतात, चांगलं काय ते नाही. मी त्यांना पीएमसी (पबमेड सेंट्रल, पूर्ण पेपर फुकट मिळतात ती जागा), लेखकाला साधी ईमेल आणि दुसऱ्या लायब्ररीकडून मागवणं या तिन्हींची सवय लावतेय. लेखक उत्तर देतात, खरंच देतात, मुलांना त्याचंच आश्चर्य वाटतं.

सिस्टर्सबद्दल कुणीच नाही बोललं अजून.

आयसीयू_इनचार्ज

मी बोलते ताई. बावीस वर्षं आयसीयूत, आता इनचार्ज आहे. मला लिहायची सवय नाही, समजून घ्या.

आमच्याकडे व्हेंटिलेटरच्या पेशंटचं तोंड क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने साफ करायचं हा वर्षानुवर्षांचा नियम. मी नवीन मुलींना हेच शिकवलं. एक जीएनएम झालेली मुलगी, नवीनच, तिने हँडओव्हरला विचारलं सिस्टर हे का करतो, नुसत्या ब्रशने का नाही. मला राग आला आधी. मग वाटलं उत्तर तर आपल्यालाही फक्त 'असंच करतात' एवढंच माहितीये. आमच्या लायब्ररीतले सर फार चांगले, त्यांना फोन केला तर ते म्हणाले मी शोधून पाठवत नाही, मी वर येतो, तुम्हीच शोधा. दुपारी दोनच्या हँडओव्हरनंतर पंधरा मिनिटं, नर्सिंग स्टेशनच्या कॉम्प्युटरवर, आम्ही चौघी उभ्या. त्यांनी विचारलं पेशंट कोण, व्हेंटिलेटरवरचा. काय करता, क्लोरहेक्सिडीन. त्याऐवजी काय, नुसतं ब्रशिंग. काय टाळायचंय, न्यूमोनिया. तेवढ्याने प्रश्न तयार झाला. मेशमध्ये व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाचं स्वतंत्र हेडिंग आहे हे तेव्हा कळलं.

आणि सापडलं काय, तर अमेरिकेतल्या इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांच्या २०२२ च्या शिफारशींमध्ये ब्रशिंग करा असं आहे आणि क्लोरहेक्सिडीन सर्वसाधारणपणे नको म्हटलंय, मृत्यू वाढण्याची शंका आहे म्हणून. मी बराच वेळ काही बोललेच नाही. बावीस वर्षं. मग आम्ही ते छापून कन्सल्टंट सरांना आणि इन्फेक्शन कंट्रोल कमिटीला दिलं, आम्ही स्वतःहून काही बदललं नाही, तसं करायचंही नसतं. कमिटीत तीन मीटिंग झाल्या आणि प्रोटोकॉल बदलला. त्या मुलीचं नाव मिनिट्समध्ये घ्यायला लावलं मी.

आता आमच्याकडे नर्सिंग स्टेशनला एक वही आहे, 'का करतो' वही. कुणालाही प्रश्न पडला की लिहायचा, दर गुरुवारी लायब्ररीवाले सर येतात, त्यातला एक घ्यायचा. पंधराच मिनिटं, सोळावं मिनिट नाही कारण पेशंट असतात. कधी उत्तर सापडत नाही, तेही लिहून ठेवतो. इंग्रजीचा मुलींना फार धसका असतो ताई, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बघूनच मागे सरकतात. आम्ही आधी शेवटची दोन वाक्यं मोठ्याने वाचतो आणि मराठीत सांगतो, मग वरचं. तुम्ही लायब्ररीत बोलवू नका, तुम्ही वर या.

नाइट_ड्यूटी

सिस्टर, आमच्या आयसीयूत पण ही वही पाहिजे. उद्याच बोलतो.

ग्रंथपाल_पुणे

सिस्टर तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिताच आलं नाही मला. 'तुम्ही वर या' हे वाक्य लिहून ठेवलंय.

अपडेट देते. प्राचार्यांना भेटले. जास्तीचे तास मागितले नाहीत, ऑडिटोरियमचे दोन तास परत देते म्हटलं आणि त्याऐवजी सिनॉप्सिसच्या आधी सहा आठवडे, मंगळवारी चाळीस मिनिटं, वीसची बॅच. ते तयार झाले, मार्कांचं मात्र डिपार्टमेंटला विचारून सांगतो म्हणाले. पहिली बॅच परवा झाली. नियम एकच ठेवला, स्वतःचा प्रश्न आणि ओळखीचे तीन पेपर आणल्याशिवाय बसायचं नाही. वीसपैकी सात जणांकडे प्रश्नच नव्हता, टॉपिक होता पण प्रश्न नव्हता, त्यामुळे त्यांच्यासोबत अख्खी चाळीस मिनिटं कागदावरच गेली, कॉम्प्युटर चालूच केला नाही. मला आधी वाटलं वेळ गेला, पण आज त्यातले पाच जण आपणहून आले.

आणि ती लोहाच्या गोळ्यांची मुलगी, ती पण आली होती. या वेळी मी हात मागे बांधून उभी राहिले. तिने आधीचे तीन कप्पे परत केले, मग म्हणाली मॅडम बाकीच्या पेपरमध्ये बायकांनी गोळ्या का सोडल्या ते आहे, पण ज्यांनी सोडल्या नाहीत त्यांनी का नाही सोडल्या ते कमी आहे, मी तेच विचारू का? मी म्हटलं हे तुझ्या सरांना जाऊन सांग. सिनॉप्सिसमधून 'पहिलाच' हा शब्द तिने स्वतः काढला.

पुढच्या गुरुवारपासून मेडिसिन वॉर्डात दुपारी सव्वादोनला जातेय, इनचार्ज सिस्टर हो म्हणाल्यात, वही मी घेऊन जाणार. वैद्य, तुमच्या त्या वनस्पतींच्या वहीच्या चार पानांचे फोटो इथे टाकाल का? नर्सिंगच्या मुलींना मी तशीच एक वही करायला सांगणार आहे, बेडसोर, प्रेशर अल्सर, डेक्युबिटस, प्रेशर इंज्युरी, एकाच जखमेची इतकी नावं आहेत, तिथूनच सुरुवात करते.